मामाच्या वाट्याचं पान

११ फेब्रुवारी

ठमे,

तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि ठेवून दिला. तू काय समजली असशील कोण जाणे. मी शीतगृहातून नुकताच बाहेर आलो होतो, बोटं बधिर झालेली, आणि ऑफिसातला कारकून रिसीव्हर धरून उभा. तू म्हणालीस, आजी गेली. मी म्हणालो, बरं. तीन नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडलाय असं कुणी सांगावं तसं. आणि मग मी खरोखरच जाऊन तीन नंबरचा कॉम्प्रेसर उघडून बसलो. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मी आलो नाही. आता येऊन कुणाला भेटू, असं गेले पंधरा दिवस स्वतःला सांगतोय. तुला एकटीला सगळं निस्तरावं लागलं. शिव्या दिल्यास तरी चालेल, पोस्टानं पाठवल्या तरी लागतात.

छापखान्याच्या फोरमनचं पत्र आलंय. आईनं बांधणी खात्यात चाळीस वर्षं काढली म्हणून तिच्या आठवणींची सोळा पानांची पुस्तिका काढणार म्हणे. एक पान तुझं, एक माझं, बाकी तिच्याबरोबर काम केलेल्यांचं. मी पाना फिरवणारा माणूस, मी पान काय लिहिणार?

एक विचारायचंय. ते विचारायलाच मला पंधरा दिवस लागले. शेवटी शेवटी तिनं माझी आठवण काढली का? काही म्हणाली का? जे असेल ते सांग.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

शिव्या देत नाही. फोनवर "बरं" म्हणालास ते मला बरंच वाटलं. तू रडला असतास तर मीही रडले असते, आणि फोन छापखान्यातला होता, मागे चारजण उभे होते.

पुस्तिकेचं खरं आहे. प्रुफं माझ्याकडेच येणार, म्हणजे आजीवरच्या लेखांतल्या चुका मी काढायच्या. पगारच त्याचा घेते म्हणा. लोकांनी लिहिलंय काय काय. शिलाईवाल्या बाईंनी लिहिलंय, आजी कागदाच्या गठ्ठ्यावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, चारशे ब्याण्णव. मोजून बघितलं की चारशे ब्याण्णवच निघायचे. डोळे गेल्यावरही तिनं हे सोडलं नव्हतं. मी रद्दी बांधायला घेतली की अंगठा फिरवून सांगायची, एक अंक कमी आहे, कुणाला दिलास? घडीच्या मशीनशेजारी राहून राहून तिचे कान गेले, हे मात्र कुणीच लिहिलं नाही. छापखान्याच्या पुस्तिकेत छापखान्यानं कान घेतले असं कोण लिहील. मी लिहिणार आहे. ती कुजबुजली की समोरच्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वर करायचं, तेही लिहिणार आहे. एकदा त्याच गिऱ्हाइकाबद्दल ती कुजबुजली होती.

तुझ्या पानाचं टेन्शन घेऊ नकोस. तू सांगतोस तसं लिही, मी नीट करीन. तिनं तुला हातात पकड दिली होती ती गोष्ट लिही की. तू सात वर्षांचा असताना बांधणीच्या मशीनमध्ये शिलाईची तार अडकली आणि तू ती काढलीस, ती.

तू विचारलंस त्याचं म्हणशील तर, ती झोपेतच गेली, सकाळी. मी चहा घेऊन गेले तर हात गार. त्रास काही झाला नाही. आणि आठवण ती तुझी रोजच काढायची, त्यात नवीन काय.

ठमी


२ मार्च

ठमे,

"रोजच काढायची" यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. पण जाऊ दे, तू सांगितलंस तेवढं खरं.

पान लिहिलं. चार रविवार लागणार असं वाटलं होतं, एकात झालं. वाच.

"माझी आई चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधत होती. स्वतः तिनं फारशी वाचली नाहीत. म्हणायची, आतलं काय ते लिहिणाऱ्याला माहीत, पान उलटं लागलं तर बोलणी मला बसतात. मी चोविसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा तिनं मला थांबवलं नाही. माझी बहीण गेली, तिची नऊ वर्षांची मुलगी आईनं वाढवली, तेव्हाही तिनं मला परत ये म्हटलं नाही. दर महिन्याला तिचं पत्र यायचं. डोळे होते तोवर स्वतः लिहायची, मग सहा वर्षं नातीला सांगून लिहून घ्यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असायचं: येण्याची घाई करू नकोस, आम्ही ठीक आहोत. जायच्या पंचवीस दिवस आधीच्या पत्रातही तेच वाक्य आहे. आई असून तिनं आयुष्यात एकदाही मला 'ये' म्हटलं नाही. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही."

तार आणि पकडीची गोष्ट नाही घातली. ती माझी हुशारी झाली, तिची नाही.

ठमे, तुला एक सांगतो. हे शेवटचं पत्र मी खिशात घेऊन हिंडतो. आलो नाही याची टोचणी लागली की ती ओळ वाचतो. तिनंच सांगितलं होतं ना. मग कुठे जेवण जातं.

मामा


९ मार्च

मामा,

पान मिळालं. चांगलं झालंय. पान उलटं लागण्याचं वाक्य फोरमनकाकांना फार आवडलं.

फक्त थोडं लांबलंय. पानात तीस ओळी बसतात. मी सुचवते, शेवटचा भाग, पत्राच्या वाक्यापासून पुढचा, काढून टाकू. त्याऐवजी पकडीची गोष्ट पाच ओळींत बसते. तुझी हुशारी वगैरे काही नाही, ती लोकांना सांगताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते घाल. सोबत बदल करून पाठवलंय. पटलं तर कळव, ओके करून टाकते.

इकडे बरं आहे. स्वयंपाकघराचा नळ पुन्हा गळतोय.

ठमी


१६ मार्च

ठमे,

नळाचा वॉशर बदल. आणि माझ्या पानाला हात लावू नकोस.

ओळी मोजल्या मी. अठ्ठावीस होतात. मशीनच्या माणसाला मोजता येत नाही असं समजलीस का? बाकी काय हवं ते काप, बहिणीचं काप, मी घर सोडल्याचं काप, पण ते वाक्य आणि त्यापुढचं राहणार. अख्ख्या पानात तेवढंच माझं खरं आहे. नेमकं तेच तुला लांबलेलं दिसलं?

मी सहा वर्षं तुझ्या अक्षरातली पत्रं वाचतोय. तुझं अक्षर कधी सरळ असतं आणि कधी तिरकं जातं, ते मला कळतं. गेली दोन्ही पत्रं तिरकी आहेत. मी विचारलं एक आणि तू सांगितलंस चष्म्याचं दुकान आणि रद्दी. कुठेतरी पाणी मुरतंय. नळाचं नव्हे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय असेल ते स्पष्ट लिही.

मामा


२४ मार्च

मामा,

तीन वेळा लिहायला बसले. आज शेवटपर्यंत लिहिते आणि वाचून न बघता पेटीत टाकते. वाचलं तर टाकायची नाही.

ते वाक्य शेवटच्या पत्रात आजीचं नाही. माझं आहे.

छापखान्यात जुनी माणसं काय करायची, तुला माहीत असेल. नेहमी लागणाऱ्या ओळी, छापखान्याचा पत्ता, 'सर्व हक्क राखीव' वगैरे, एकदाच खिळे जुळवून दोरीनं बांधून बाजूला ठेवायची. दर वेळी नव्यानं जुळवायचे कष्ट नकोत. मी आजीच्या पत्रांचं तसंच करून टाकलं होतं. सुरुवात तीच, शेवट तोच. 'तब्येत सांभाळ' आणि 'येण्याची घाई करू नकोस, आम्ही ठीक आहोत.' पहिली पाच वर्षं ती खरंच दर वेळी ते सांगायची, शब्दही बदलायची नाही. म्हणून मी एखाद्या शनिवारी चार-पाच कागदांवर वरची आणि खालची ओळ लिहून ठेवायची. रविवारी तिनं सांगितलेलं मध्ये भरायचं की झालं. तिला दिसत नव्हतं. वाचून दाखवायचं तर कानाशी ओरडावं लागे, गल्लीभर पत्र जाहीर होई, म्हणून तेही बंद केलं होतं. तिनं "झालं?" विचारलं की मी तिचा हात दोनदा दाबायची. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. आमचं तसं ठरलेलं होतं.

दोन जानेवारीला ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. शेजाऱ्यांचं सांगून झालं, गुडघ्याचं झालं. मला वाटलं, संपलं. मी टोपण लावलं. तेवढ्यात ती म्हणाली, "लिही, आता ये म्हणावं. सवडीनं नको, आता. मला त्याला एकदा हाताशी धरायचंय."

तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली, मामा. समोरच्या दुकानातही ऐकू गेलं असेल. ऐकू आलं नाही असं मला म्हणता येत नाही.

मी कागदाकडे बघितलं. खाली शाईनं लिहिलेलं होतं, घाई करू नकोस. मध्ये जागा होती दोन ओळींची. दोन ओळींत बसलं असतं. किंवा कागद फाडून दुसरा घ्यायचा. मी घेतला नाही. म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू, पुढच्या रविवारी नीट वेगळं लिहू. तिनं विचारलं, "लिहिलंस?" मी तिचा हात दोनदा दाबला.

आळस केला असं लिहून मी सुटू शकते. पण तेवढंच नाही. तू येणार म्हटलं की ती केस विंचरून बसायची, चादरी बदलायला लावायची, तुझ्यासाठी मला बाजारात दोन-दोन खेपा घालायला लावायची. तू चार दिवस राहून तिच्याशी गोड बोलून जायचास आणि पुढचे सहा महिने "माझा मुलगा, माझा मुलगा". रात्रंदिवस मी. आंघोळ मी, औषध मी, आणि तू पाहुण्यासारखा येऊन कौतुक घेऊन जाणार. उंटावरून शेळ्या हाकणारा, असं मी मनात म्हणायची तुला. त्या रविवारी हे सगळं माझ्या मनात आलं होतं. मला तू यायला नको होतास. थोडंसं नको होतास, पण तेवढं पुरलं.

त्यानंतर ती रोज विचारायची, "निघाला का?" मी दोनदा हात दाबायची. फोन करता आला असता. छापखान्यात फोन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. तीन आठवडे मी त्याच्या शेजारून येत-जात होते. मला काय माहीत होतं की तीन आठवडेच आहेत. असं म्हणते मी, पण ती निम्मंच जेवत होती, हे मला दिसत होतं.

मामा, तू त्या ओळीवर जगतोयस हे वाचलं आणि मी ताट बाजूला सारलं. मूग गिळून बसायचं ठरवलं होतं. तुझं पान तसंच छापू द्यावं, तुला बरं वाटेल, मी आयुष्यभर गप्प बसेन. पण ते छापलं जाईल, मामा. ती एकदाही 'ये' म्हणाली नाही, असं शंभर प्रतींत छापलं जाईल आणि ती खरं तर म्हणाली होती. मला ते प्रूफ ओके करता येत नाही.

तू म्हणशील ते मी पान करते. पुढच्या शनिवारी सोळाही पानांचा फर्मा एकत्र मशीनवर चढतोय.

ठमी


१४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र नाही. येईल असं धरून चालले नव्हते, पण रोज टपालाच्या पिशवीत बघते.

फर्मा थांबवलाय. पंधरा पानं तयार आहेत, तुझं नाही. फोरमनकाकांना सांगितलं, मामा आजारी आहे. ते म्हणाले, सोळा पानांच्या फर्म्यात एक पान कमी करता येत नाही बाई, कागदाला पंधरा बाजू नसतात. दुसरं काम थांबलंय म्हणून कुरकुरतात. तरी थांबलेत.

तू आजारी तर नाहीस ना? तेवढं एका ओळीत कळव. माझ्यावरचा राग नंतर सावकाश लिही.

ठमी


२२ एप्रिल

ठमे,

आजारी नाही. फोरमनला सांग, मामा ठणठणीत आहे आणि तुला खोटं बोलायची सवय आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिले तीन दिवस मी तुझ्यावर नुसता चिडलो होतो. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. राग करायला दुसरं माणूस सापडलं की स्वतःकडे बघावं लागत नाही. तुला लिहायची पत्रं मी कोठीत काम करता करता मनातल्या मनात लिहीत होतो. एक तर इतकं जहाल होतं की उणे अठरात मला घाम आला.

मग ते ओसरलं आणि मागे जे राहिलं ते तुला सांगतो. हे तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

पंधरा जानेवारीपासून माझी बारा दिवसांची सुट्टी मंजूर झालेली होती. डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस, आजीचं जेवण कमी झालंय. मला तेवढ्यावरून कळलं. आईचं जेवण कधी कमी झालं नव्हतं, बहीण गेली त्या आठवड्यातही ती कामावर जायची म्हणून जेवत होती. मी अर्ज केला. तिकिटाची चौकशी केली. तुला कळवलं नाही, म्हटलं जाऊन उभा राहीन.

आणि खरं सांगू का, मला जायची भीती वाटत होती. चार वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा तू बाजारात गेली होतीस. मी तिच्यासमोर बसलो. तिनं हात पुढे केला, माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, आणि विचारलं, "कोण आहे?" मी कानाशी जाऊन ओरडलो. तिनं पुन्हा हात फिरवला. म्हणाली, "हो का. जाड झालास." तुम्हा सगळ्यांना मी हसून सांगितली ती गोष्ट, आजी मामाला जाड म्हणाली. पहिला भाग मी कुणाला सांगितला नाही. गठ्ठ्यावर अंगठा फिरवून कागद मोजणारी बाई, तिच्या हाताला माझा चेहरा लागला नाही. त्या हाताच्या लक्षात राहायला मी तिथे होतो कुठे?

तर आठ जानेवारीला तुमचं पत्र आलं. मी शेवटची ओळ आधी वाचली. नेहमीच आधी वाचायचो. घाई करू नकोस, आम्ही ठीक आहोत. तशीच घडी घातली आणि साहेबाकडे जाऊन सुट्टी रद्द केली. तो म्हणाला, अहो, आई आजारी आहे म्हणालात ना? मी म्हणालो, तिनंच नको म्हटलंय. घरी आलो, पोटभर जेवलो आणि छान झोप लागली मला.

तुझी ती ओळ एका झटक्यात लिहिलेली होती, जशी दर वेळी असायची. मधल्या ओळी वेगळ्या पेनानं होत्या. शाईसुद्धा वेगळी होती, ठमे. एवढे दिवस खिशात घेऊन हिंडलो, तुझं पत्र आल्यावर प्रथम नजरेस पडलं. की आधी पडलं होतं आणि मी बघितलं नाही, ते आता मला सांगता यायचं नाही.

तुला वाटतंय की तू पाप केलंस. केलंस. मी तुला माफ केलेलं नाही आणि केलं असं लिहून वेळ मारून नेणार नाही. त्याचं कारण मात्र तुला वाटतं ते नाही. पत्रात 'ये' असतं तर मी आलो असतो का? आलो असतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कदाचित आणखी काही कारण काढलं असतं. कदाचित धावत आलो असतो. तिनं बोलावल्यावर मी काय करणारा मुलगा आहे, ते मला आता कधीच कळणार नाही. तेवढं तू माझं घेतलंस.

उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणालीस, ते बरोबर आहे. आंघोळ तू, औषध तू, हेही बरोबर आहे. सहा वर्षांत एकदाही मी तुला विचारलं नाही की ठमे, तू ठीक आहेस का. 'आम्ही ठीक आहोत' यात तूही आलीस असं धरलं. माझ्या बहिणीची मुलगी तू, मला विचारता आलं असतं.

आता पान. आधीचं सगळं काढ. पान उलटं लागण्याचंही काढ, फोरमनला आवडलं असलं तरी. त्या जागी एवढंच छाप:

"माझ्या आईनं मला आयुष्यात एकदाच 'ये' म्हटलं. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि न पोचताही मला कळायला हवं होतं. मी मंजूर झालेली सुट्टी रद्द केली. ती माझी वाट बघत गेली."

तुझा उल्लेख कुठेही नको. फोरमन म्हणेल पान मोकळं दिसतंय, राहू दे मोकळं. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. यात चूक काढू नकोस.

माझी प्रत टपालानं पाठवू नकोस. शिलाई झाली की कळव, मी घ्यायला येतो.

मामा